जुनी बीकन अँटेना मिळतेय? आधी जमीन बघ

अरे, हॅम रेडिओसाठी जुन्या बीकनची अँटेना मिळतेय म्हणून लगेच हुरळून जाऊ नकोस. एनडीबीची, म्हणजे विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओ बीकनची, ती इंग्रजी T सारखी टी अँटेना दिसते भारी, पण आपल्या हॅमच्या ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ बँडला वेव्हलेंग्थ ६३० मीटरच्या आसपास, म्हणजे क्वार्टर वेव्हच दीडशे मीटरच्या वर, आणि तुझा मास्ट (खांब) फार तर १५-२० मीटर. म्हणून तर वर आडव्या तारा असतात, शोभेला नाही, कपॅसिटन्स वाढवायला, लांबीची उरलेली कसर लोडिंग कॉइल भरून काढते. ही कॉइल असलेला तो ट्यूनिंगचा डबा भंगारात गेला नसेल तर आधी तो उचल, मास्टचं नंतर बघू.

आणि जमिनीतले रेडियल्स, म्हणजे मास्टच्या बुडापासून चहूकडे पुरलेल्या तारा! ते कुजले असतील तर पॉवर नुसती माती तापवते. मी पुण्यात धायरीला एका प्लॉटवर तार टाकलेली, वायर तपकीर गल्लीच्या बाजारातली, मे महिन्यात मस्त ट्यून केलं आणि पहिल्याच पावसात सगळं ट्यूनिंग सरकलं, मग काय, छत्री मानेत धरून चिखलात कॉइलचे टॅप, म्हणजे तार जोडायच्या जागा, बदलत बसलो.

ट्रान्समिट चालू असताना कॉइलला हात लावायचा नाही हं, १०० वॉटलाही वरच्या टोकाला हजारो व्होल्ट येतात. लायसन्समध्ये बँड नसेल तर नुसतं ऐक, थंडीत रात्री. जागामालकाची परवानगी लेखीच घे. लोहगाव विमानतळाचं मात्र नाव काढू नकोस, एअरफोर्सची जागा आहे ती.