एप्रिल फूलचा दिवस न आवडणे हे अरसिकपणाचे लक्षण आहे का?

मला तसे वाटत नाही. मलाही १ एप्रिल आवडत नाही, पण म्हणून मला विनोदाचे वावडे आहे असे माझ्या ओळखीचे कोणी म्हणणार नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी याच तारखेला माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवलेले होते. आत मला सेवेत कायम केल्याचे पत्र होते. त्यावर जावक क्रमांक होता, साहेबांची सही होती. ते दोनदा वाचून मी जिन्यात गेलो आणि आईला फोन केला. परत आलो तेव्हा सगळे हसत उभे होते, कारण ती सही एका सहकाऱ्याने गिरवलेली होती. मीही हसलो, त्या दिवशी फसलेल्याने चिडायचे नसते, चिडला तर तोच खडूस ठरतो. आईला पुन्हा फोन करण्याचा धीर मात्र संध्याकाळपर्यंत झाला नाही.

सरसकट सगळ्याच थट्टेला माझा विरोध नाही. १९५७ साली याच दिवशी बीबीसीने स्वित्झर्लंडमधील शेतकरी झाडांवरून स्पॅगेटी, म्हणजे गव्हाच्या पिठाच्या लांब शेवया, तोडत असल्याचे दाखवले आणि हे झाड लावायचे कसे, अशी विचारणा करणारे फोन प्रेक्षकांकडून आले. तेथे फसणारे असंख्य होते, एकट्या कोणाचे हसे झाले नाही. फ्रान्समध्ये मुले एकमेकांच्या पाठीवर कागदी मासा चिकटवतात, तेही मला गोड वाटते. दुपारी बारानंतर खोड्या थांबवण्याची इंग्लंडमधील रीत तर सगळीकडेच हवी होती.

शिवाय या तारखेला खरी बातमीही संशयास्पद ठरते. जीमेलची घोषणा २००४ साली १ एप्रिलला झाली, तेव्हा एक जीबी जागा फुकट मिळणार हे अनेकांना खरेच वाटले नाही. त्यात कोणाचे काही बिघडले नाही. पण १९४६ साली याच दिवशी अल्यूशियन बेटांजवळच्या भूकंपामुळे उसळलेली त्सुनामी हवाईवर आदळली, तेव्हा पाणी येत असल्याची ओरड काहींनी एप्रिल फूल म्हणून हसण्यावारी नेली. त्या लाटांनी हवाईत दीडशेहून अधिक बळी घेतले.

तेव्हा तुम्हाला हा दिवस आवडत नसेल, तर सहकाऱ्यांना आदल्या दिवशीच शांतपणे तसे सांगून टाका. मी आता तेच करतो, आणि बहुतेक जण ऐकतात.

मला कायम केल्याचे खरे पत्र पुढे जूनमध्ये आले. आईला फोन केला, तेव्हा तिने आधी तारीख विचारली.