आठवणी रेकॉर्ड करताना

प्रश्न : वडील सैन्यात वायरलेस ऑपरेटर होते. युद्धाचा विषय काढला की "त्यात काय सांगायचं?" म्हणून गप्प बसतात. त्यांच्या आठवणी कशा टिपाव्यात आणि जपाव्यात?

उत्तर : माझ्या मामांना मी पहिला प्रश्न विचारला, "लढताना काय वाटत होतं?" मामा खिडकीबाहेर बघत बसले. दुसऱ्या दिवशी विचारलं, "बूट भिजले की वाळवायचात कसे?" मग तास-दीड तास बोलत होते! तुम्ही वायरलेस सेटच्या वजनापासून सुरुवात करा. जुना फोटो हातात द्या, त्यातल्या प्रत्येकाचं नाव विचारा. ते थांबले तर तुम्हीही थांबा. तारीख चुकली तरी मधे टोकू नका, वेगळ्या वहीत लिहून ठेवा. रडू आलं तर रेकॉर्डिंग बंद. आणि पंखाही बंद ठेवा. मामांच्या पहिल्या फाइलमध्ये मला पंखाच जास्त ऐकू येतो.

मोबाइल चालेल, पण शक्यतो वेव्ह फॉरमॅटमध्ये (यात आवाज न दाबता जसाच्या तसा साठतो) घ्या; रेकॉर्डिंग अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये आवाजाचा दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. एमपी३, म्हणजे आवाज दाबून लहान केलेली फाइल, नातेवाइकांना पाठवायला ठीक, मूळ फाइल मात्र पुसू नका. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर (उदा. हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह), त्यातली एक दुसऱ्या घरी. फाइलच्या नावात तारीख हवीच.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या संसदेच्या ग्रंथालयात २०००पासून सैनिकांच्या आठवणींचा संग्रह होतो आहे. तिथे मुलाखत किमान ३० मिनिटांची लागते. तुम्हीही कुठल्या संग्रहाला देणार असाल, तर आधी वडिलांची लेखी संमती घ्या. काही भाग त्यांना घरातच ठेवायचा असेल.