जर्मन लोक खरंच तुसडे असतात का?

तुसडे नाही म्हणणार, तोंडावर बोलणारे आहेत. रस्ता रिकामा असला तरी बरेच जण लाल सिग्नलला थांबतात. शेजारी लहान मूल असताना तुम्ही ओलांडलात तर एखाद्या आजी हमखास टोकतात. पण हेच लोक दवाखान्यात शिरताना बसलेल्या अनोळखी मंडळींना ‘गुटन टाग’ म्हणतात. रविवारी दुकानं बंद आणि शांतता इतकी, की भिंतीत ड्रिल मारायचीही सोय नाही. वक्तशीरपणा मात्र माणसांपुरता: 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्या सुमारे 62 टक्केच वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ धरून. यावर मात्र ते अनोळखी माणसाशीही मनसोक्त गप्पा मारतात.