याचिकेआधी पंचनामा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

सनद (वकिलीचा परवाना) मिळाली की पहिली जनहित याचिका पिंजऱ्यातल्या वन्यप्राण्यांसाठी करायची, असं तू लिहिलंयस. वाचून फार बरं वाटलं. बैलांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या जल्लीकट्टू निकालाने तू भारावलीस, आणि तो निकाल आहेच तसा. पण नंतर राज्यांनी कायदे बदलले, त्यात आपला महाराष्ट्रही होता, आणि २०२३ मध्ये त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने ते बदल ग्राह्य धरले. तो निकालही शेजारी ठेवून वाच.

माझं म्हणणं एवढंच आहे की, निदान पहिली काही वर्षं याचिका बाजूला ठेव आणि ठाण्याच्या कोर्टात बस. वन्यजीवांच्या खटल्याचं भवितव्य बहुतेक वेळा पंचनाम्यातच ठरून जातं.

कायदा दुबळा नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ५७ प्रमाणे ज्याच्या ताब्यात प्राणी सापडला, त्याचा ताबा बेकायदा आहे असंच गृहीत धरतात. तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. अनुसूची १ मधल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतल्या, प्राण्याबाबत किमान ३ वर्षांची कैद आहे, ७ वर्षांपर्यंत होऊ शकते. तरीही आरोपी सुटतात, कारण ताबाच नीट सिद्ध होत नाही. प्राणी नेमका कोणाच्या हातातून घेतला, पंच कुठे उभे होते, पिशवीला सील कधी लागलं, यात एक दुवा निसटला की कलम ५७ लागूच होत नाही. बिबट्याची म्हणून पकडलेली नखं बनावट निघतात, म्हणून नमुना डेहराडून किंवा हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेला का, अहवाल आला का, याचा पाठपुरावा कर. हल्ली सौदे व्हॉट्सअ‍ॅपवर ठरतात. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नकोस, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र सोबत हवं.

आणि कलम ५५ पाठच कर. या कायद्याखाली कोर्ट दखल घेतं ती ठरावीक अधिकाऱ्यांच्या तक्रारीवर. पोलिसांनी तस्करीतला मांडूळ साप पकडला आणि नुसतं आरोपपत्र ठेवलं, तर बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. वनविभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याची तक्रार दाखल झाली का, हे आधी बघ. याच कलमात तुझ्या-माझ्यासारख्यांनाही वाट आहे: सरकारला ६० दिवसांची नोटीस देऊन आपण स्वतः तक्रार करू शकतो. ही वाट फार थोडे वापरतात, याचं मला वाईट वाटतं. पर्यावरणाचे दावे चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेऊ नकोस. १९७२ चा हा कायदा त्याच्या अधिकारक्षेत्रात येत नाही.

आता प्राण्यांबद्दल. आपल्या सोसायट्यांच्या बाल्कन्यांत हिरवा पोपट पिंजऱ्यात दिसतो आणि घरातली माणसं प्रेमाने त्याला मिरची भरवतात. तो अनुसूची २ मधला आहे, पाळणं गुन्हा आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. अशा घरी वकिली आवाजात जाऊ नकोस. त्या काकूंना समजावून सांग, १९२६ या हेल्पलाइनवर वनविभागाला कळव. विकणाऱ्यावर मात्र दया नको, कारण त्याच्याकडे येईपर्यंत कितीतरी पिल्लं वाटेतच मेलेली असतात.

जप्तीनंतर प्राण्याचं काय होतं, हा प्रश्न कोर्टात कोणी विचारत नाही. तू विचार. पंख छाटलेला पोपट लगेच सोडला तर कावळ्या-मांजरांच्या तोंडी जातो. तारा कासव कोरड्या, झुडपी मुलखातलं. ते ठाण्याजवळच्या येऊरच्या पावसाळी जंगलात सोडणं म्हणजे सुटका नव्हे. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, प्राण्याचं वजन, जखमा, कुठे ठेवलं आणि कोणाच्या देखरेखीखाली, हे सगळं कागदावर यायला हवं. इग्वाना वगैरे परदेशी प्राणी घरात असतील, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंद केली का, तेही विचार.

बेअर अ‍ॅक्ट (कायद्याची मूळ प्रत) मात्र १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेली दुरुस्ती असलेलाच घे. जुन्या प्रतीत सहा अनुसूची आहेत, आता चारच उरल्यात, आणि कित्येक प्राण्यांची जागा बदलली आहे. जुना निकाल दाखवताना गुन्ह्याची तारीख आधी तपास. पुढच्या आठवड्यात चेंबरवर ये, एक जुनी फाइल काढून ठेवतो. पंचनामा तू वाच आणि त्यातल्या त्रुटी मला दाखव.

तुझे,
सर
ठाणे