हा ‘पार’ आपला नव्हे

नाशिक

प्रिय बाळ,

काल फोनवर तुझा आवाज पडलेला होता. माल उशिरा पोचल्यावर परदेशी ग्राहक ‘पार फॉर द कोर्स’ म्हणाला, तुला वाटलं काम पार पडलं, आणि तू ‘थँक यू’ म्हणालीस. मनाला लावून घेऊ नकोस. फोनवर सांगितलेलं विसरायला होतं, म्हणून लिहितोय.

गोल्फच्या मैदानाला कोर्स म्हणतात. पूर्ण कोर्सला १८ होल. प्रत्येक होलमध्ये चेंडू किती फटक्यांत जावा हे ठरलेलं असतं, बहुधा तीन, चार किंवा पाच. तो आकडा म्हणजे पार; अठरांची बेरीज बऱ्याच ठिकाणी ७२. म्हणून ‘पार फॉर द कोर्स’ म्हणजे अपेक्षेप्रमाणेच, पण सूर बहुतेकदा वैतागाचा: ‘यांचं नेहमीचंच!’ तो नाराज होता गं. उशिराचं कारण आजच लिहून कळव.

‘बिलो पार’ ऐकलंस तर जप. गोल्फमध्ये पारपेक्षा कमी फटके लागले तर खेळ सरस. बोलण्यात मात्र काम किंवा तब्येत यथातथाच. कारण हा शब्द मूळचा लॅटिन, अर्थ ‘समान’. पैशांच्या व्यवहारात तो आधीपासून होता, तिथे ‘बिलो पार’ म्हणजे ठरलेल्या किमतीपेक्षा कमी; गोल्फने तो मागाहून उचलला.

मला सर्वांत आवडतो ‘स्टायमी’. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू नेमका तुझा चेंडू आणि होल यांच्यामध्ये येऊन बसायचा, आणि तो उचलायला सांगायची सोय नसायची. १९५२ साली तो नियम गेला, शब्द राहिला. कस्टम्समध्ये माल अडकला की ‘वी आर स्टायमीड’, म्हणजे कोंडी झाली. आपणही बुद्धिबळाचा पट न मांडता शह देतोच की!

‘टी अप’मध्ये चहा नाही; टी म्हणजे चेंडू ठेवायची छोटी खुंटी, म्हणून तयारी करून ठेवणं. ‘टी ऑफ’ म्हणजे सुरुवात, पण ‘टीड ऑफ’ म्हणजे चिडलेला. ‘मलिगन’ ही फसलेला फटका पुन्हा मारायची मुभा. नियमांत ती नाही, मित्रामित्रांच्या खेळात देतात. तुझा ग्राहकही देईल, मागून बघ.

रविवारी सकाळी गोल्फ क्लबवर फिरायला ये. नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, आत क्रिकेट, तरी रिक्षावाल्याला आपण ‘गोल्फ क्लब’च सांगतो. येताना ग्राहकाच्या मेलमधली अडलेली वाक्यं वहीत उतरवून आण.

तुझा,
काका