वेगवेगळ्या होड्या, मग रेस कशी जमणार?

प्रश्न: आम्ही काही जण दोना पावलाकडे रविवारी शिडाच्या होड्या चालवतो. दोन जुन्या लेझर (एकट्यानं चालवायच्या छोट्या शिडाच्या होड्या) आहेत, बाकी प्रत्येकाची वेगळी. आधी बरेच जण यायचे, आता तिघं-चौघंच उरलेत. एखादी भारी नवी बोट घेतली तर लोक परत येतील का?
– एक वाचक, ताळगाव

उत्तर: नवी भारी बोट अजिबात घेऊ नका हो, तिनं तुमचा गोंधळ अजून एका जातीनं वाढेल. वेगवेगळ्या होड्यांची रेस म्हणजे हँडिकॅपचा हिशोब आला, होडीच्या वेगाप्रमाणे प्रत्येकाची वेळ कमी-जास्त करायची, पाण्यावर कोण पुढे तेच कळत नाही आणि निकाल किनाऱ्यावर आल्यावर कॅलक्युलेटरवर लागतो. एकाच जातीच्या होड्या असल्या की जो आधी लाइन ओलांडेल तो जिंकला, बास.

तुमच्याकडे दोन लेझर आहेत ना, मग तिसरीही लेझरच शोधा, हल्ली तिला आयएलसीए म्हणतात. शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग बदलला की त्याच हलवर (होडीच्या धडावर) 4.7, 5.76 किंवा 7.06 चौरस मीटरचं शीड चढतं, म्हणजे हलकी पोरं आणि धिप्पाड माणूस दोघांचीही सोय होते, फक्त निकाल शिडाप्रमाणे वेगळा लावा. ऑप्टिमिस्टची, म्हणजे मुलांच्या छोट्या शिडाच्या होडीची, वयोमर्यादा 15 ची, त्यापुढे गावात दुसरी बोट नसली की चांगली तयार झालेली मुलं खेळच सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

जुनी घेताना रंग बघू नका, डोलकाठी जिथे बसते त्या भोकात पाणी भरा आणि थोडा वेळ थांबा, पातळी उतरली तर तिथे गळती आहे, दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा.

आणि खरं काम माणसांचं आहे. वार आणि वेळ ठरवून टाका, चारच जण आले तरी रेस लावायचीच. दुपारी समुद्रावरनं वारा सुटला की वीस-वीस मिनिटांच्या तीन-चार छोट्या रेस घ्या, एकच लांब घेतली तर मागे पडलेला तासभर एकटाच वल्हवल्यासारखा फिरतो आणि पुढच्या रविवारी येत नाही. फ्लीट, म्हणजे एकत्र रेस करणाऱ्या होड्यांचा गट, टिकते ती या मागच्या लोकांवर, जिंकणारा तर येणारच आहे. म्हणून पहिल्या आलेल्यानं रेसनंतर शेवटच्याची बोट ओढायला जायचं, शीड किती ओढून धरलं होतंस, कुठे वळलास ते तिथेच वाळूवर बोलायचं.

पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा सगळ्यांनी एकत्र बसून दुरुस्ती करा, आणि सप्टेंबर संपत आला की ग्रुपवर मेसेज टाकून गप्प न बसता गळालेल्या प्रत्येकाला स्वतः फोन करा.