आयकॅन, म्हणजे इंटरनेटवरच्या वेबसाइट-नावांची व्यवस्था बघणारी संस्था, खाजगी आहे, मग तिच्याकडे आरटीआयसारखी माहिती मागता येते का?

'संस्था खाजगी आहे, विचारणारे तुम्ही कोण' हे मी भर देवळात ऐकलेलं आहे, म्हणून लिहायला बसलो.

देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या देवळाचा जीर्णोद्धार मुंबईकर मंडळाने काढला. घरटी पाच हजार वर्गणी. चतुर्थीला चाकरमानी आले की सभा, गाऱ्हाणं, 'काम प्रगतिपथावर आहे', चहा, संपलं. शिखर अर्धवट आणि लाद्या निम्म्याच. एका वर्षी मी उठून जमाखर्च मागितला. खजिनदार माझे चुलत काका. म्हणाले, "तुका कित्याक होयो हिशोब? पाच हजार दिलंस म्हणजे देऊळ इकत घेतलंस?" मी आरटीआयचं नाव काढलं तर सेक्रेटरी हसले. मंडळ खाजगी, आरटीआय सरकारला.

अर्धंच खरं होतं त्यांचं. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं, ऑडिट तिथे द्यावं लागतं आणि ते कार्यालय सरकारी. सरकारी कार्यालयाला दुसऱ्या कायद्याने खाजगी संस्थेची जी माहिती मिळवता येते, तीही 2005 च्या कायद्यातल्या 'माहिती'च्या व्याख्येत बसते. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला, मग अपिलाला वीसचा, आणि ऑडिट रिपोर्ट हातात आला. 'किरकोळ खर्च' शिखरापेक्षा उंच! तेव्हापासून काकांकडे आरतीला बोलावणं नाही.

आता तुमचं आयकॅन. ती कॅलिफोर्नियातली ना-नफा संस्था, 1998 पासूनची. आपला आरटीआय तिला लागू नाही. पण पारदर्शकतेचं बंधन तिने स्वतःच्या घटनेत घातलंय आणि माहिती देण्याचं वेगळं धोरणही आहे, डीआयडीपी नावाचं. ईमेल करायचा, फी नाही, नागरिकत्वाची अट नाही, 30 दिवसांत उत्तर. अर्ज आणि उत्तर दोन्ही त्यांच्या वेबसाइटवर लागतात. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीने असे बरेच अर्ज केले होते, ते आधी वाचा.

माझं स्पष्ट मत: पेपर यांनीच काढायचा, यांनीच तपासायचा. नकाराची कारणं भरपूर, अंतर्गत चर्चा, कच्चे मसुदे, व्यापारी गुपित, वकिलाचा सल्ला. नुकसानापेक्षा जनहित मोठं असेल तर तरीही देऊ म्हणतात, पण तराजू त्यांच्याच हातात. नकार आला तर फेरविचार मागता येतो, तोही आयकॅनच्याच संचालक मंडळाकडे. आपल्याकडे निदान माहिती आयोग तरी बाहेरचा असतो. भले तिथे तारीख पडायला हापूसचे दोन हंगाम जावोत.

तरी आमच्या मंडळापेक्षा बरे. माझ्या आंब्याच्या वेबसाइटचं डॉट कॉम नाव आहे, त्यामागे आयकॅनला वर्षाला 18 सेंट जायचे, 2025 च्या जुलैपासून 20. म्हणजे मी तिथलाही वर्गणीदारच. 20 सेंट घेणारा निदान नकार लेखी देतो, कारणासकट.

डॉट इन किंवा डॉट भारतबद्दल विचारायचं असेल तर आयकॅनकडे जाऊच नका. ते निक्सी ही भारतातली संस्था बघते, आणि निक्सीला आरटीआय चालतो. तिथे दहा रुपयांत काम.

हे आधी सांगायला हवं होतं: आरटीआय असो की आयकॅन, दोन्हीकडे फक्त असलेला कागद मिळतो. 'असं का केलं' विचारलंत तर कोणी उत्तर देत नाही. अमुक बैठकीचं इतिवृत्त, अमुक कराराची प्रत, असं नेमकं मागा. मी पहिल्या अर्जात 'पैसे कुठे गेले' असं लिहिलं होतं, त्यात एक महिना फुकट गेला. काका तेवढं मात्र अजून हसत हसत सांगतात सगळ्यांना.